ओल्या कचऱ्यातला हायड्रोजन

महाराष्ट्रातल्या कितीतरी गोठ्यांमागे गोबर गॅसची टाकी आहे. शेणकाला आत ओतायचा, वरून गॅस घ्यायचा, बाहेर आलेली स्लरी शेतात न्यायची, हा व्यवहार गावाकडे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. या टाकीत रोज हायड्रोजनही तयार होतो, हे मात्र फारसे कुणाला माहीत नसते. तो आपल्या हाती लागत नाही, कारण टाकीतलेच दुसरे सूक्ष्मजीव तो तयार होताक्षणी खाऊन टाकतात आणि त्याचा मिथेन बनवतात. शेगडीत जळतो तो हा मिथेन.

कचऱ्यापासून हायड्रोजन इंधन, अशा बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. त्या वाचताना ही टाकी डोळ्यांसमोर ठेवली तर बराचसा विषय सोपा होतो. हायड्रोजन मिळवायच्या वाटा कोणत्या, त्यातून हाती किती येते आणि तो कुठे वापरणे शहाणपणाचे, हे क्रमाने पाहू.

हायड्रोजन लागतो कुठे?

एक किलो हायड्रोजन जाळला तर सुमारे १२० मेगाज्यूल ऊर्जा मिळते. एक किलो पेट्रोलमधून साधारण ४४. शिवाय हायड्रोजन जळताना कार्बन डायऑक्साइड निघत नाही, पाण्याची वाफ होते. फ्युएल सेलमध्ये घातला तर ज्वाळेशिवाय थेट वीज मिळते. पुण्यात २१ ऑगस्ट २०२२ रोजी अशा फ्युएल सेलवर चालणारी, देशात विकसित झालेली बस लोकांसमोर आली. केपीआयटी कंपनी आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, यांनी मिळून ती तयार केली होती.

तरीही हायड्रोजन म्हणजे उद्याचे इंधन, एवढेच म्हणणे अपुरे आहे. तो आजही लाखो टनांनी लागतो. भारतात वर्षाला साधारण ५० ते ६० लाख टन हायड्रोजन खपतो आणि त्यातला बहुतेक दोन ठिकाणी जातो : तेलशुद्धीकरण कारखान्यांत आणि खतासाठी लागणाऱ्या अमोनियात. माहुलच्या रिफायनऱ्या आणि अलिबागजवळचा थळचा खत कारखाना ही आपल्या जवळची उदाहरणे. हा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढला जातो आणि एका किलोमागे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे युरियाच्या गोणीमागेसुद्धा हा धूर असतो. पर्याय शोधायचा तो आधी या हायड्रोजनला.

सौर किंवा पवन विजेने पाण्याचे विघटन करणे हा सर्वांत जास्त चर्चेतला पर्याय. त्यात एका किलो हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट वीज लागते. कचऱ्याची वाट वेगळी आहे. इथे ऊर्जा आधीच साठलेली असते. ती उन्हाने पिकात, पिकातून ताटात आणि ताटातून खरकट्यात आलेली असते.

टाकीच्या आत काय घडते?

हवाबंद टाकीत ओला कचरा पडला की त्याच्यावर सूक्ष्मजीवांच्या एकामागून एक टोळ्या काम करतात. पहिली टोळी भातातला स्टार्च, भाजीच्या देठातला सेल्युलोज, डाळीतली प्रथिने यांचे मोठे रेणू तोडून साखरेसारखे छोटे रेणू बनवते. दुसरी त्या साखरेची आम्ले करते : व्हिनेगरमध्ये असते ते ॲसेटिक आम्ल, खवट लोण्याला वास देणारे ब्युटिरिक आम्ल. हे होताना हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सुटतात. तिसरी टोळी उरलेली आम्ले आणखी मोडते आणि पुन्हा थोडा हायड्रोजन सोडते.

चौथी टोळी मिथेन बनवणाऱ्यांची. ती काही मिथेन ॲसेटिक आम्लातून करते आणि काही हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड जोडून. म्हणून टाकीतून बाहेर येणाऱ्या वायूत साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो, हायड्रोजन नावापुरता. याला आपण बायोगॅस म्हणतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैल्यापासून असा वायू काढून दिव्यांसाठी वापरला होता. हे ज्ञान आपल्याला नवे नाही.

हायड्रोजन हवा असेल तर तीन वाटा आहेत. पहिली, चौथ्या टोळीला काम करूच द्यायचे नाही. दुसरी, तिला मिथेन करू द्यायचा आणि मग मिथेनमधून हायड्रोजन सोडवायचा. तिसरी, सूक्ष्मजीवांच्या ऐवजी भट्टी वापरायची.

पहिली वाट : आंबवून हायड्रोजन

दही लावताना आपण विरजण निवडून घेतो; इथेही विरजणच निवडायचे असते. हायड्रोजन देणाऱ्या क्लॉस्ट्रिडियमसारख्या जिवाणूंना कठीण काळ आला की ते टणक कवचाचे बीजाणू बनून टिकतात. मिथेन बनवणाऱ्यांना ही सोय नाही. त्यामुळे बायोगॅसच्या टाकीतला गाळ काही वेळ उकळत्या पाण्याइतका तापवला तर मिथेनवाले मरतात, हायड्रोजनवाले उरतात. पुढे टाकीतला आम्लपणा वाढता ठेवला, म्हणजे सामू ५ ते ६ च्या दरम्यान राखला, आणि माल आठवड्यांऐवजी एकदोन दिवसांत बाहेर काढला, तर सावकाश वाढणाऱ्या मिथेनवाल्यांना पुन्हा बस्तान बसवता येत नाही. या प्रक्रियेला उजेड लागत नाही, म्हणून तिला अंधारातले किण्वन म्हणतात.

हे सोपे वाटते, पण निसर्गाने इथे एक मर्यादा घालून ठेवली आहे. एका किलो ग्लुकोजचे पाण्याच्या मदतीने पूर्ण विघटन झाले असते तर सुमारे १३३ ग्रॅम हायड्रोजन मिळाला असता. किण्वनात मात्र जास्तीत जास्त ४४ ग्रॅमच मिळू शकतो आणि प्रत्यक्षात त्याहून बराच कमी मिळतो. उरलेली ऊर्जा आम्लांमध्ये अडकून राहते. ती आम्ले फेकून दिली तर कचऱ्याचा प्रश्न सुटत नाही, फक्त पातळ होतो.

म्हणून शहाणी रचना दोन टाक्यांची. पहिलीत हायड्रोजन घ्यायचा, आंबलेले पाणी दुसरीत सोडून मिथेन घ्यायचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटीच्या सहकार्याने शेतातल्या काडीकचऱ्यासाठी याच धर्तीचे तंत्र विकसित केले आहे. भात, गहू, मका यांच्या अवशेषांतला चिवट सेल्युलोज मोडण्यासाठी तिथे खास सूक्ष्मजीवसमूह तयार केला आहे. त्यामुळे काडीकचऱ्यावर आधी उष्णतेची, रसायनांची किंवा विकरांची प्रक्रिया करावी लागत नाही. पहिल्या टप्प्यात हायड्रोजन, दुसऱ्यात मिथेन. आणि हवा असेल तर त्या मिथेनपासूनही हायड्रोजन.

आम्लांवर जगणारे जांभळे जिवाणू वापरून उजेडात आणखी हायड्रोजन काढण्याचे प्रयोगही जगभर चालू आहेत. पण त्यांना पातळ थरात पसरलेला उजेड लागतो, म्हणजे जागा पुष्कळ लागते. तूर्त ती वाट प्रयोगशाळेच्या आसपास आहे.

दुसरी वाट : आधी बायोगॅस, मग हायड्रोजन

आजवर ज्या ठिकाणी कचऱ्यापासून मिळालेल्या हायड्रोजनवर खरोखर गाड्या चालल्या, तिथे बहुधा ही वाट वापरलेली दिसते. कारण तिचा प्रत्येक टप्पा उद्योगाला आधीपासून ठाऊक आहे.

बायोगॅस आधी धुऊन घ्यावा लागतो. त्यात कुजक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड असतो आणि पुढच्या भट्टीतले निकेलचे उत्प्रेरक तो निकामी करतो. सांडपाण्याच्या गाळातून आलेल्या गॅसमध्ये शाम्पू आणि सौंदर्यप्रसाधनांतली सिलिकॉनयुक्त संयुगेही असतात. ती जळली की वाळूसारखा थर साचतो. मग कार्बन डायऑक्साइड वेगळा काढतात. उरलेल्या मिथेनची ७०० अंशांच्या वर पाण्याच्या वाफेशी गाठ घातली की हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड मिळतात. त्या मोनॉक्साइडला पुन्हा वाफ दिली की आणखी हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. शेवटी हायड्रोजन गाळून शुद्ध करायचा.

शुद्धतेची अट फार कडक आहे. गाडीतल्या फ्युएल सेलसाठी आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हायड्रोजन ९९.९७ टक्के शुद्ध लागतो. कार्बन मोनॉक्साइड दहा लाख भागांत ०.२ भागापेक्षा जास्त चालत नाही, गंधक तर त्याच्याही पन्नासाव्या हिश्शाइतकेच. शेगडीला चालणारा गॅस आणि बसला चालणारा हायड्रोजन यांच्यातले अंतर यावरून कळावे.

या प्रक्रियेतही कार्बन डायऑक्साइड निघतो, मग ती स्वच्छ कशी? हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की हा कार्बन पिकाने गेल्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. तो हवेत परत जातो. जमिनीखाली कोट्यवधी वर्षे गाडलेला कार्बन आपण नव्याने बाहेर काढत नाही.

तिसरी वाट : काडीकचऱ्यासाठी भट्टी

खरकटे, शेण, भाजीपाला यांत पाणी जास्त, म्हणून ते टाकीला योग्य. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या काड्या, उसाचे पाचट, शेंगांची टरफले कोरडी आणि लाकडासारखी असतात; जिवाणूंना ती सहजी पचत नाहीत. त्यांच्यासाठी वायुकरणाची भट्टी. तिच्यात हवा मुद्दाम अपुरी देतात, म्हणजे माल नुसता जळून जात नाही. त्यातून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड असलेला वायू निघतो.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक एस. दासप्पा यांच्या गटाने हवेऐवजी ऑक्सिजन आणि वाफ देऊन एका किलो जैवभारापासून १०० ग्रॅम हायड्रोजन मिळवला. त्या एका किलोत मुळात हायड्रोजन असतो सुमारे ६० ग्रॅम. वरचा ४० ग्रॅम वाफेतून, म्हणजे पाण्यातून आला. या पद्धतीत कोळशाच्या रूपाने घन कार्बनही उरतो. तो मातीत मिसळला किंवा दुसऱ्या कामी लावला तर हवेतला तेवढा कार्बन खरोखर कमी होतो. अडचण असते ती डांबरासारख्या चिकट बाष्पाची आणि काडीकचऱ्याच्या राखेची. भट्टीची रचना बरीचशी यांच्याशी झुंजण्यासाठीच असते.

शिकाओई आणि फुकुओका

जपानच्या होक्काइदो बेटावर शिकाओई नावाचे गाव आहे. दुधाचा मुलूख, इथे माणसांपेक्षा गाई जास्त. गाईंच्या शेणामुताचा वास आणि पाण्यात झिरपणारी घाण ही तिथली जुनी डोकेदुखी होती. २०१५ मध्ये जपानच्या पर्यावरण मंत्रालयाच्या पाठबळाने इथे प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. आसपासच्या गोठ्यांतले शेण टाकीत येते, बायोगॅस होतो, त्याचा हायड्रोजन होतो आणि तो मोटारी व फोर्कलिफ्टमध्ये भरला जातो. स्लरी पुन्हा शेतावर जाते. होक्काइदोच्या हिवाळ्यात टाक्या उबदार ठेवायला ऊर्जा खर्चावी लागते. आपल्याकडे हा खर्च बराच कमी, कारण टाकीतल्या सूक्ष्मजीवांना मानवणारे ३५ ते ३७ अंश तापमान महाराष्ट्रात गाठणे खूपच सोपे असते.

त्याच वर्षी फुकुओका शहराच्या सांडपाणी केंद्रातही क्यूशू विद्यापीठाच्या सहभागाने गाळाच्या बायोगॅसपासून हायड्रोजन काढणे सुरू झाले. क्षमता दिवसाला सुमारे ३,३०० घनमीटर, म्हणजे ३०० किलोच्या आसपास. साधारण ६५ मोटारी भरतील इतकी. आकडा लहान आहे, पण त्या मोटारी शहराच्या मैल्यापासून मिळालेल्या इंधनावर धावू शकतात, हे तिथल्या नागरिकांना डोळ्यांनी दिसले.

एक टन ओल्या कचऱ्याचा हिशेब

घरातल्या आणि हॉटेलांतल्या एक टन ओल्या कचऱ्यापासून ढोबळमानाने १०० घनमीटर बायोगॅस मिळतो. त्यात ६० घनमीटर मिथेन धरू. वजन ४० किलो. त्यापासून कागदावर २० किलो हायड्रोजन निघायला हवा. पण भट्टी तापवायला काही गॅस जातो, शुद्ध करताना काही निसटतो. हाती साधारण १० ते १३ किलो येतो.

म्हणजे रोज १०० टन वेचलेला ओला कचरा असेल तर एक टनाच्या आसपास हायड्रोजन. शहरातली बस १०० किलोमीटरला ८ ते १० किलो घेते असे धरले, तर दिवसाला २०० किलोमीटर धावणाऱ्या पन्नासएक बस त्यावर चालतील. एखाद्या मध्यम शहराच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

आता देशाच्या मापाने पाहू. मुंबईत रोज सहा-सात हजार टन कचरा निघतो. त्यातला ३,००० टन ओला कचरा पूर्णपणे वेगळा मिळाला, तरी वर्षाला साधारण १२ हजार टन हायड्रोजन होईल. राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मिशनचे २०३० साठीचे उद्दिष्ट आहे वर्षाला ५० लाख टन. मुंबईचा सगळा वाटा त्याच्या पाव टक्क्याइतका. कचऱ्यातून देशाची हायड्रोजनची गरज भागेल, असे कुणी सांगितले तर हा हिशेब पुढे ठेवावा.

मग गॅस तसाच का वापरू नये?

वरच्या ४० किलो मिथेनमध्ये सुमारे २,००० मेगाज्यूल ऊर्जा आहे. त्यातून मिळालेल्या ११ किलो हायड्रोजनमध्ये १,३०० च्या आसपास. रूपांतरातच तिसरा हिस्सा गेला. तोच मिथेन शुद्ध करून दाबाने भरला की सीएनजीवर चालणाऱ्या बसमध्ये, रिक्षात, स्वयंपाकाच्या पाइपमध्ये थेट चालतो. केंद्र सरकारची ‘सतत’ योजना ऑक्टोबर २०१८ पासून यासाठीच आहे. ज्या गावात सीएनजीचे पंप आहेत, तिथे बायोगॅसचा हायड्रोजन करण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जिथे हायड्रोजनच लागतो तिथली गोष्ट वेगळी. खत कारखाना, रिफायनरी, किंवा पुढेमागे बॅटरीच्या वजनाने बेजार होणारे लांब पल्ल्याचे अवजड ट्रक, अशा ठिकाणी कचऱ्याचा हायड्रोजन जमिनीखालच्या वायूची जागा घेतो. तोही जवळपास तयार झालेला असावा. हायड्रोजन इतका हलका आहे की साध्या दाबाला एका किलोला ११ घनमीटर जागा लागते. मोटारीच्या टाकीत तो वातावरणाच्या ७०० पट दाबाने कोंबावा लागतो. पोलादी नळकांड्यांचा अवजड ट्रकही फार तर काही शे किलो हायड्रोजन नेतो. दूरवर वाहून न्यायचा हा माल नव्हे.

गळतीकडे लक्ष हवे

हायड्रोजनला वास नाही, रंग नाही. त्याची ज्वाळा दिवसा जवळजवळ दिसत नाही. हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात तो पेट घेऊ शकतो. हलका असल्याने मोकळ्या जागी तो झपाट्याने वर निघून जातो, पण बंद खोलीत छताखाली साचतो. म्हणून छपराला झडपा आणि गळती हेरणारी यंत्रे या प्रकल्पांत अनिवार्य समजावीत.

मिथेनची गळती डोळ्यांआड होते, पण जास्त महाग पडते. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. प्रकल्पाच्या जोडांतून तो गळत राहिला तर हायड्रोजनचे हवामानावरचे पुण्य तिथेच संपते. उलट बाजूही तितकीच खरी. हाच ओला कचरा डेपोवर ढिगात कुजला तर मिथेन थेट हवेत जातो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा डेपो कित्येक दिवस धुमसत होता आणि मुंबईवर धूर पसरला होता. ओला कचरा टाकीत गेला की असे ढीगच कमी होतात. त्यातून पुढे हायड्रोजन निघो वा न निघो, हा फायदा पहिला.

धोरणात काय आहे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्याख्या ठरली : एका किलो हायड्रोजनमागे उत्सर्जन २ किलो कार्बन डायऑक्साइडच्या आत असेल, तर तो ग्रीन. ही व्याख्या पाण्याच्या विघटनाइतकीच जैवभारापासून काढलेल्या हायड्रोजनलाही लागू आहे. प्रोत्साहनाच्या पहिल्या फेरीत साडेचार लाख टनांपैकी ४० हजार टन जैवभाराच्या वाटांसाठी राखून ठेवले होते. दार उघडे आहे.

सुरुवात दोन डब्यांपासून

या सगळ्या यंत्रांचा पहिला शत्रू म्हणजे मिसळलेला कचरा. प्लास्टिकची पिशवी पंपात अडकते, काच आणि वाळू टाकीच्या तळाशी साचते, औषधे आणि फिनेल सूक्ष्मजीव मारतात. असा माल नंतर वेचणे महाग असते आणि त्याची स्लरी शेतकरी शेतात घेत नाही. स्लरीतला नत्र, स्फुरद, पालाश मातीत परत गेला तरच हे चक्र पुरे होते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणे सक्तीचे केले. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिला दारोदार जाऊन वेगळा केलेला कचरा नेतात. हायड्रोजन प्रकल्पाच्या कागदांवर त्यांच्या कामाचा उल्लेख क्वचितच असतो. असायला हवा, कारण निकेलची भट्टी आणि ९९.९७ टक्के शुद्धता यांच्या फार आधी, जिन्यात ठेवलेल्या ओल्या डब्यात दुधाची पिशवी नाही ना, हे त्याच पाहत असतात.

पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांनी खरकटे आणि पिठावर चालणारा छोटा बायोगॅस संच घरांच्या गच्च्यांवर पोहोचवला. शेण नसले तरी टाकी चालते, हे त्यातून लोकांना पटले. आपल्या शहरात उद्या हायड्रोजन प्रकल्पाची घोषणा झाली तर नगरसेवकाला तीन प्रश्न जरूर विचारा : ओला कचरा वेगळा येणार कुठून, हायड्रोजन घेणारे गिऱ्हाईक जवळ आहे का, आणि स्लरी कुणाच्या शेतात जाणार? तिन्हींची उत्तरे मिळाली तर प्रकल्प टिकेल. पहिल्याचे उत्तर आज संध्याकाळी आपल्या ओट्याखालच्या डब्यातच द्यायला सुरुवात करता येते.